इम्पॅक्ट ड्रायव्हरचे बिट का टिकत नाहीत, आणि घ्यायचे तर कोणते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची कामं करता. आजवर साध्या ड्रिल ड्रायव्हरवर स्क्रू मारत होतात, आता १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतलात. पूर्वी एक बिट (मशीनच्या तोंडात बसवायचं, स्क्रू फिरवणारं टोक) महिनाभर पुरायचा, आता दिवसाला दोन-तीन जातात. हार्डवेअरवाला म्हणतो जर्मन घ्या. कारागीर म्हणतो डझनाने स्वस्तातले आणू आणि टाकत जाऊ. यातलं बरोबर काय, आणि टिकणारा पण परवडणारा बिट ओळखायचा कसा? शिवाय भावाच्या पत्र्याच्या शेडला हेच बिट चालतील का, आणि मशीनसोबत आलेल्या ३२ बिटांच्या डब्याचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरचा. सुरुवातीची चार वर्षं उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काढली, आणि गेली अठरा वर्षं फर्निचरचं वर्कशॉप चालवतो. भट्टीतून निघालेलं पोलाद कसं वागतं तेही पाहिलंय आणि बिट घसरल्यावर गिऱ्हाइकाच्या शटरचं, म्हणजे कपाटाच्या दाराचं, काय होतं तेही.

माझं उत्तर असं: मधल्या भावातले, इम्पॅक्टसाठीच केलेले, ५० मिमी लांबीचे अखंड बिट घ्या, सेट न घेता एकाच नंबरचे दहा घ्या, आणि टोक झिजलेलं दिसलं की हळहळ न करता टाका. पण हे करण्याआधी तुम्ही रोज मारता ते सगळे स्क्रू टेबलावर ओता आणि उजेडात धरून त्यांची खाच बघा. मला जवळजवळ खात्री आहे की निम्म्या स्क्रूंना तुम्ही चुकीचा बिट लावताय. ते तसंच राहिलं तर जर्मन बिटही दिवसाला दोन-तीनच्या हिशेबाने जातील, फक्त पैसे जास्त जातील.

आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट ‘प्लसचा बिट’ नाहीतर ‘स्टारचा बिट’ म्हणतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. प्लसमध्ये दोन घराणी आहेत. पहिलं फिलिप्स, बिटवर पीएच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स यांच्या नावे १९३६ साली याची पेटंटं झाली आणि मोटारींच्या कारखान्यांतून ही खाच जगभर गेली. तिच्या भिंती तिरप्या असतात आणि बिटच्या पाकळ्या टोकाकडे निमुळत्या. जोर वाढला की बिट त्या तिरप्या भिंतीवरून वर चढतो आणि निसटतो. दुसरं घराणं पोझिड्राइव्ह, म्हणजे पीझेड. हे १९६० च्या दशकात आलं. याच्या खाचेच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या असतात, त्यामुळे बिटला वर ढकलणारा जोर कमी.

ओळखायला सोपं आहे. पीझेड स्क्रूच्या माथ्यावर मोठ्या फुलीच्या चार कोनांत, बरोबर मधोमध, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. फिलिप्सला त्या नसतात. बिट बघायचा तर टोक डोळ्यांसमोर धरा. पीझेडच्या दोन पाकळ्यांच्या बेचक्यात एकेक बारीक धार उठलेली दिसते आणि टोक बोथट असतं. पीएचचं बेचकं साफ आणि टोक अणकुचीदार.

आता तुमच्या कामात काय होतं बघा. कॅबिनेटचे सांगाडे जोडायला आपण सगळे ते काळे ड्रायवॉल स्क्रू मारतो, ज्यांना बरेच जण जिप्समचे स्क्रू म्हणतात. त्यांची खाच पीएच २. त्यानंतर तोच बिट घेऊन बिजागऱ्या बसवायला जातो. हेटिक, ब्लम यांच्यासारख्या युरोपीय बिजागऱ्यांचे स्क्रू, आणि बिजागरीवरचे शटर मागेपुढे करायचे स्क्रूसुद्धा, पीझेड २ असतात. चिपबोर्डचे पिवळे स्क्रूही बहुतेक पीझेडच. पीएच २ बिट पीझेड २ मध्ये जातो, अडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण तो फक्त वरच्या कडांवर टेकलेला असतो आणि आत डुगडुगतो. साध्या ड्रिलवर तेवढं निभतं. इम्पॅक्टवर त्या डुगडुगणाऱ्या सांध्यावर सेकंदाला पन्नासच्या वर ठोके बसतात, आणि संध्याकाळपर्यंत पाकळ्यांच्या कडा गोल. उलटं केलंत, म्हणजे पीझेडचा बिट काळ्या स्क्रूत घातलात, तर बेचक्यातल्या धारा अडतात आणि बिट तळापर्यंत जातच नाही. ते आणखी वाईट.

एक परीक्षा करून बघा, मिनिटभराचीसुद्धा नाही. चुंबक नसलेला बिट हातात आडवा धरा आणि त्याच्या टोकावर स्क्रू बसवा. माप आणि घराणं बरोबर असेल तर स्क्रू बहुधा आपल्या पकडीनेच टोकावर राहतो, आणि बोटाने माथा हलवला तर सांध्यात जागा जाणवत नाही. स्क्रू लोंबकळला किंवा टकटक वाजला तर तो बिट बहुधा त्या स्क्रूचा नाही, मग त्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असो. चुंबकाच्या होल्डरमध्ये ही परीक्षा करू नका, चुंबक चुकीचा बिटही धरून ठेवतो.

नंबराचं गणित छोटं आहे. ३ ते ५ मिमी जाडीच्या स्क्रूला २ नंबर, त्याखाली १, आणि साडेपाच मिमीच्या पुढे ३. सांगाडा जोडायचे ७ मिमीचे जाड कॉन्फर्मॅट स्क्रू वापरत असाल तर काहींना पीझेड ३ लागतो, काहींना ४ मिमीची षटकोनी खाच असते. ते २ नंबरने मारणाऱ्याचा बिट तुटणारच. (जपानी पद्धतीची तिसरी फुलीही असते, माथ्यावर बारीक ठिपका असलेली. दुचाकीच्या मेकॅनिकला ती रोज भेटते. तुमच्या कामात ती येत नाही.)

ड्रिलवर जे चालत होतं ते इम्पॅक्टवर का चालत नाही, हे कारागिरालाही समजावून सांगा, कारण बिट त्याच्या हातात मोडतात. ड्रिल ड्रायव्हरला पुढे आकड्यांची रिंग असते, तो क्लच. ठरलेला जोर आला की तो कटकट करून सोडून देतो आणि बिट वाचतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरला असा क्लच नसतो. त्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेला हातोडा असतो आणि समोर ऐरण. स्क्रू हलका जातोय तोवर दोन्ही एकत्र फिरतात. स्क्रूने अडवलं की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून सुटतो, आणि पुढच्या कानावर फिरता ठोका हाणतो. असे मिनिटाला तीन हजारांच्या पुढे. १८ व्होल्टच्या मशीनवर कमाल टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १५० ते २०० न्यूटन मीटर लिहिलेला असतो, आणि ४ मिमीचा स्क्रू त्यातला १० सुद्धा सोसत नाही. मशीनची पूर्ण ताकद कधीच लागत नसते, ती बोटाने आवरायची असते.

आणि हा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, पुढच्या दिशेने नाही. काँक्रीटला भोक पाडणारं हॅमर मशीन पुढे ठोकतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की इम्पॅक्टही बिट आपोआप आत दाबून धरतो. तसं होत नाही. बिट खाचेत दाबून ठेवणं तुमच्या मनगटाचं आणि खांद्याचं काम आहे. नवा माणूस मशीन हलकंफुलकं वाटतं म्हणून सैल धरतो, आणि बिट खाचेवरून टर्रर्र करत उड्या मारतो. तो आवाज वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला तरी मी हातातलं काम सोडून जातो, कारण त्या दोन सेकंदांत बिटचं निम्मं आयुष्य संपतं.

आता पोलादाकडे येतो, कारण पैसे तिथे मोजले जातात. आपल्याकडे लोहार कोयत्याला, पहारीला ‘पाणी देतो’ म्हणतात. लाल तापवलेलं पोलाद एकदम थंड केलं की कडक होतं, पण तेवढंच ठिसूळही होतं, जमिनीवर पडलं तरी तडकेल असं. मग ते पुन्हा बेताने तापवून थोडं पाणी उतरवायचं, म्हणजे कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा येतो. बिटची सगळी करामत या दुसऱ्या पायरीत आहे. साधे बिट कडकपणा मोजायच्या रॉकवेलच्या मापावर ५८ ते ६२ च्या आसपास ठेवतात, म्हणजे टोक लवकर झिजत नाही. इम्पॅक्टचा बिट पुष्कळदा त्याहून जरा मऊ ठेवतात आणि त्याची मान बारीक करतात. ठोका बसला की ती मान किंचित पिळते, परत सरळ होते, आणि टोकाला बसणारा झटका बोथट होतो. डीवॉल्टच्या फ्लेक्सटॉर्कमध्ये, मिलवॉकीच्या शॉकवेव्हमध्ये, बॉशच्या इम्पॅक्ट कंट्रोलमध्ये, वेराच्या इम्पॅक्टरमध्ये तपशील वेगळे, पण मूळ कल्पना हीच. कडक, जाड, आखूड बिटला पिळायला जागाच नसते, म्हणून तो तडकतो.

पाकिटावर ‘एस २’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. एस २ हे धक्का सोसणाऱ्या हत्यारी पोलादाच्या एका जातीचं नाव आहे: अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन, एक टक्क्याच्या आसपास सिलिकॉन, थोडं मॉलिब्डेनम. जात चांगलीच आहे आणि साध्या क्रोम व्हॅनेडियम पोलादापेक्षा या कामाला बरी. पण पीठ चांगलं असलं म्हणून भाकरी चांगली होतेच असं नाही. भट्टीत तापमान आणि वेळ सांभाळली नाही तर त्याच एस २ चा एक बिट मेणासारखा आणि दुसरा काचेसारखा निघतो. शॉपमध्ये असताना मी एकाच रॉडचे, एकाच दिवशी केलेले, पण भट्टीच्या दोन कोपऱ्यांत ठेवलेले तुकडे वेगवेगळ्या कडकपणाचे निघालेले पाहिलेत. स्वस्त पाकिटात दहातले तीन बिट उत्तम आणि चार पहिल्या तासात जातात, त्याचं कारण हेच. चांगल्या कंपनीचे तुम्ही जे जास्तीचे पैसे देता, ते दहाच्या दहा सारखे निघावेत म्हणून देता.

रंगावरही जाऊ नका. काळा रंग म्हणजे इम्पॅक्टचा बिट, असा एक समज पसरलाय. काळा थर कोणत्याही बिटवर चढवता येतो, तो मुख्यतः गंजापासून वाचवतो. सोनेरी थर झीज थोडी कमी करतो, पण तो काही हजारांश मिलिमीटर जाडीचा असतो आणि आतलं पोलाद कच्चं असेल तर त्याचा उपयोग नाही. टोकावर हिऱ्याची खरखरीत पूड बसवलेले बिट मात्र खरोखर कमी घसरतात. ते महाग आहेत, म्हणून मी फक्त तयार शटरवरच्या कामाला ठेवतो.

नवीन दुकानातून माल आणला की मी एक बिट बळी देतो. बारीक दातांची कानस घ्यायची आणि पाकळीच्या कडेवरून अलगद ओढायची. कानस काचेवरून गेल्यासारखी सर्र घसरली तर पाणी पुरेसं आहे. दात धरले, चकचकीत ओरखडा उठला आणि बोटाला कीस लागला, तर तो बिट मऊ आहे, दुकानदाराला परत द्या. या परीक्षेतून ठिसूळपणा कळत नाही. तो काम करतानाच कळतो.

म्हणून मेलेले बिट फेकण्याआधी आठवडाभर एका डबीत साठवा आणि मग भिंगाखाली बघा. तुमचं बहुतेक उत्तर त्या डबीतच आहे. चारही पाकळ्यांच्या कडा सारख्या गोल झाल्या असतील तर घराणं किंवा नंबर चुकतोय, किंवा दाब कमी पडतोय. पाकळ्या एकाच दिशेला पिळवटल्या असतील तर पोलाद मऊ आहे. एखादी पाकळी स्वच्छ तुटली असेल आणि तुटलेला भाग राखाडी, रव्यासारखा दाणेदार दिसत असेल तर पाणी जास्त झालंय, बिट ठिसूळ आहे. मानेतून तुटले असतील तर बिटला बोल लावू नका. भोक न पाडता कठीण लाकडात स्क्रू ढकलला जातोय किंवा माथा टेकल्यावरही ट्रिगर सोडला जात नाहीये. आणि सगळे बिट एकाच बाजूने झिजत असतील तर मशीनचं तोंड तपासा. नवा बिट बसवून टोक हलवा. तो सैल हलत असेल तर तिरका बसतो आणि एकाच पाकळीवर भार येतो.

लांबी आणि शेपटी. इम्पॅक्टचं तोंड पाव इंची षटकोनी, म्हणजे ६.३५ मिमी. त्यात बिटच्या शेपटीवरच्या गोल खोबणीत छर्रा अडकून बिट धरला जातो. २५ मिमीच्या आखूड बिटला ही खोबण नसते, तो होल्डरशिवाय मशीनला लावूच नये. होल्डर लावला की एक सांधा वाढतो आणि त्याबरोबर डगमगही. म्हणून मी रोजच्या कामाला ५० मिमीचा अखंड बिट घेतो. बाजारात ६५ मिमीचे दुतोंडी बिटही भरपूर मिळतात, ते वाईट नाहीत. लांबीमुळे त्यांना पिळायला जागा मिळते, म्हणून साध्या पोलादाचेही बऱ्यापैकी टिकतात. घेताना खोबणीचं शेपटीच्या टोकापासूनचं अंतर बघा. एका पद्धतीत ते ९ मिमी असतं, जपानी पद्धतीत १३-१४ मिमी. चुकीचा घेतला तर बिट बसल्यासारखा वाटतो आणि उलटा फिरवताना स्क्रूतच राहून जातो. तुमचं मशीन दुकानात सोबत न्या, टिक् आवाज आला की ओढून बघा.

आता पैशांचं. तुमचा सगळा वाद बिटच्या भावावर चाललाय, म्हणून हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे तुम्ही घाला. स्वस्त बिट १५ रुपयांचा, दीडशे स्क्रू मारतो: स्क्रूमागे १० पैसे. चांगला बिट ८० रुपयांचा, हजार स्क्रू मारतो: ८ पैसे. म्हणजे दोन्हींत जवळजवळ फरक नाही, आणि इथपर्यंत तुमचा कारागीर चुकत नाहीये. पण माथा गेलेला एक स्क्रू पकडीने काढायला दहा मिनिटं जातात. हजार रुपये रोजाच्या माणसाची आठ तासांनी भागलेली दहा मिनिटं म्हणजे वीस रुपये. दिवसात असे पाच स्क्रू गेले की शंभर रुपये गेले, आणि त्यात बिटची किंमत कुठेच नाही. हिशेब बिटचा न मांडता खराब झालेल्या माथ्यांचा मांडा. झिजलेला बिट ‘अजून चालतोय’ म्हणून वापरत राहणं सगळ्यात महाग पडतं.

हे मी एका शटरवर शिकलो. सांगलीला एक किचन होतं, हाय ग्लॉस अ‍ॅक्रिलिकचे पांढरे शटर. शेवटच्या ओव्हरहेड कपाटाची शेवटची बिजागरी, संध्याकाळची वेळ, हातात सकाळपासूनचा पीएच २, आणि स्क्रू पीझेडचा. बिट निसटला आणि शटरच्या कडेपासून आत चार बोटं एक चंद्रकोर उमटली. बाई शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. शटर नवीन करून द्यायला बारा दिवस लागले, कारण त्या रंगाची शीट मागवावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे पीएच आणि पीझेडचे बिट वेगळ्या डब्यांत राहतात. पीझेडच्या बिटच्या मानेला लाल नेलपॉलिशचा पट्टा असतो, आणि बिजागरीला लाल पट्ट्याशिवाय हात लावायचा नाही असा नियम आहे.

बिजागरीवरून आणखी एक. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमध्ये बिजागरीचे १६ मिमीचे स्क्रू इम्पॅक्टने मारूच नका. त्या बोर्डात आट्यांना धरायला फार थोडं असतं. दोन ठोके जास्त पडले की आतला भुसा होतो आणि स्क्रू जागेवर फिरत राहतो. तिथे जुना ड्रिल ड्रायव्हर काढा, क्लच खालच्या आकड्यावर ठेवा. इम्पॅक्ट सांगाड्याला, भिंतीच्या पट्ट्यांना, लांब स्क्रूंना.

सवयींमध्ये सगळ्यात जास्त बिट वाचवते ती भोक पाडण्याची. सागात, जुन्या शिसवीत किंवा चांगल्या कठीण प्लायच्या कडेला ४ मिमीचा स्क्रू मारायचा तर आधी ३ मिमीचं भोक घ्या, मऊ लाकडात अडीच. लांब स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. जुने सुतार साबण घासायचे, पण साबण ओल धरतो आणि कोकणातल्या कामात स्क्रू आत गंजतो, मेण बरं. खाचेत पुट्टी, पॉलिश, फेविकॉल बसला असेल तर आधी टोच्याने कोरून काढा, नाहीतर बरोबर मापाचा बिटही अर्धाच आत जातो. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी मारून काढा आणि मग पितळी हाताने बसवा. इम्पॅक्टखाली पितळ मानेतच तुटतं.

स्क्रू मारताना सुरुवात हळू करा, बिट स्क्रूच्या सरळ रेषेत, मागून तळव्याचा दाब. मध्ये वेग घ्या. माथा लाकडाला टेकायला आला की ट्रिगर अर्ध्यावर आणा आणि टेकला की सोडा. टेकल्यानंतरचा प्रत्येक ठोका फक्त बिट आणि माथाच खात असतो. मशीनला वेगाच्या दोन-तीन पायऱ्या असतील तर दिवसभर खालच्या पायरीवर ठेवा, किचनच्या कामात वरची क्वचितच लागते.

झिजलेल्या पीएच बिटचं टोक ग्राइंडरवर किंचित उडवून पुन्हा वापरायची पद्धत आहे. टोक गेलं की पाकळ्या खाचेत खोल बसतात, युक्ती खरी आहे. पण एका वेळी क्षणभर टेकवायचं आणि लगेच पाण्यात. कडेवर निळा रंग चढला की पाणी उतरलं, तो बिट टाकून द्या. शॉपमध्ये आम्ही याच रंगांवरून तापमान ओळखायचो: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास.

तुम्हाला कायमची सुटका हवी असेल तर टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांची फुलासारखी खाच. १९६७ साली अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने ती आणली. भिंती उभ्या, म्हणून बिट वर चढतच नाही. ४ मिमीच्या स्क्रूला बहुधा टी २०, ५ मिमीला टी २५. माझ्याकडे ज्या कामांना टॉर्क्स वापरतो तिथे बिटचा विषयच निघत नाही. पण स्क्रू महाग पडतो, प्रत्येक गावात मिळत नाही, आणि पाच वर्षांनी दुसरा सुतार दुरुस्तीला आला तर त्याच्याकडे तो बिट नसण्याची शक्यता जास्त. म्हणून मी तो आतल्या सांगाड्याला आणि दरवाजांच्या चौकटींना वापरतो, गिऱ्हाइकाला पुढे उघडावं लागेल अशा जागी नाही.

खरेदी कुठे करायची? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. तिथे हातात घेऊन बघता येतं आणि एकाच नंबरचे दहा मागता येतात. रस्त्यावरच्या टेबलावरून नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटातले बिट निम्म्या भावात मिळाले तर घेऊ नका. मी एकदा घेतले. पाकीट हुबेहूब होतं, कानस मात्र पहिल्याच ओढीत रुतली. आणि तुमच्या कारागिराचं मन राखायचं असेल तर साधे दुतोंडी बिट काळ्या स्क्रूंना खुशाल आणा, रोज सकाळी नवं तोंड काढायचं. बिजागरी, चॅनेल आणि तयार शटर मात्र चांगल्या बिटशिवाय नाहीत.

तुमच्या भावाच्या पत्र्याच्या शेडबद्दल: तिथे हे बिट लागत नाहीत. पत्र्याच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंना षटकोनी माथा असतो. ५.५ मिमीच्या स्क्रूला ८ मिमीचा सॉकेट, ६.३ मिमीच्या स्क्रूला १० मिमीचा. चुंबकवाला सॉकेट घ्यायला सांगा आणि दर वीस-पंचवीस स्क्रूंनंतर त्यातला लोखंडी कीस चिकटपट्टीने काढायला सांगा. कीस साचला की माथा पूर्ण आत बसत नाही आणि कोपरे गोल होतात. चष्मा घालायला सांगा, तुम्हीही घाला. तुटलेल्या पाकळीचा तुकडा डोळ्याला दिसायच्या आत उडतो.

मशीनसोबत आलेला ३२ बिटांचा जो डबा तुम्ही लिहिलाय, तो टाकू नका. ते २५ मिमीचे साधे बिट असणार. इम्पॅक्टवर त्यांचा निभाव लागणार नाही, पण हाताच्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीत स्विच बोर्ड, हँडल, कुलपं, बिजागरीचं शेवटचं जुळवणं या सगळ्याला ते वर्षानुवर्षं पुरतील. त्यातला पीझेड २ आजच शोधून काढा आणि तुमच्या बिजागरीच्या पाकिटातला एक स्क्रू त्याच्यावर बसवून बघा. मग तोच स्क्रू मशीनला आत्ता लावलेल्या बिटवर बसवा.